दिल्लीचं टपाल

माणसाचं मातीशी असलेलं नातं कुठल्याही कागदावर अवलंबून नसतं. हे वाक्य उकंडराव यंदा गणपतीच्या मंडपात माईकवरून बोलले आणि धनज गावच्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या. त्या वेळी त्यांच्या नातीचा व्हिसा दसरा झाला की लगेच संपणार होता. भाषण करून ते घरी आले आणि उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता त्यांनी रोजचाच प्रश्न विचारला, "दिल्लीचं टपाल आलं का?"

"नाई आलं," चुलीपाशी बसलेली त्यांची बायको गोजराबाई म्हणाली.

नातीचं नाव भागिरथा. उकंडरावांच्या आईचं नाव. मुलगा हरीओम कॅनडात कॅलगरी नावाच्या शहरात नोकरीला. तिथल्या बर्फात मुलगी झाली तेव्हा त्याला आजी आठवली. तिथल्या शाळेत भागिरथा कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून तिला बॅगी म्हणत. आई-बाप दोघंही भारताचे नागरिक, पण मुलगी तिकडे जन्मली म्हणून कॅनडाची. अशा रीतीने घरात परदेशी माणूस एकटी तीच होती, आणि घरात सगळ्यांत जास्त अनवाणी तीच फिरायची.

हरीओमची बदली नव्या वर्षात नागपूरला व्हायची होती. म्हणून सून वैष्णवी मुलीला घेऊन उन्हाळ्यातच पुढे आली. मुलीसाठी परदेशी नागरिकाचं कार्ड काढायला टाकलं. ते मिळालं की पोरीला हवं तितके दिवस राहता येणार होतं. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. "मुलगी इथंच राहते का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मुलगी म्हशीच्या वगारीच्या पाठीवर बसलेली होती. त्यांनी चहा घेतला आणि लिहून नेलं. त्यानंतर पुढं काही नाही.

"बाबा, कार्ड दिल्लीहून निघते," हरीओम फोनवर म्हणाला होता. "घरपोच येते. लक्ष ठेवा फक्त."

उकंडरावांनी लक्ष ठेवलं. पण कार्ड आलं नाही तर मायलेकींना परत जावं लागणार होतं, आणि एकदा गेल्या की हरीओमची बदली लांबली तर तिकडची शाळा, थंडी, सगळं मध्ये येणार आणि पोरगी पुन्हा कधी दिसेल याचा नेम नव्हता. मुदतवाढ मागता येते असं वैष्णवी म्हणे. पण मिळेलच असं नाही, हेही तीच म्हणे. तिने परतीची तिकिटं काढून ठेवली होती. ती तिकिटं तिच्या मोबाईलमध्ये होती. त्यामुळे उकंडराव त्या मोबाईलकडेही धड पाहत नसत.

नवरात्र बसलं आणि सोयाबीन वाळलं. दोन्ही गोष्टी दरवर्षी एकदमच होतात. शेंगा इतक्या कडक झाल्या होत्या की दुपारी शेतात उभं राहिलं तर त्या फुटल्याचा बारीक आवाज येई, आणि प्रत्येक आवाजाला उकंडरावांचा खांदा उडे. वर ढग. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून कमलीबाईची टोळी सोंगणीचा गुत्ता, म्हणजे कापणीचं कंत्राट, घेऊन आली होती. कमलीबाई कंबरेत वाकली की शेताच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत सरळ व्हायची नाही, पण तोंड मात्र तिचं सतत सरळ असे.

"पाटील, नातीले सरकार हाकलून देऊन राह्यलं म्हणते," ती विळा चालवत म्हणाली.

"कोण म्हणते?"

"सारं गाव म्हणते."

"हाकलून नाई देत. कार्ड यायचं हाये."

"आमी दिवाळी झाली का उसाले जातो. तिकडं सांगली, तिकडं कर्नाटक. सहा सहा महिने राह्यतो. आमाले तं कोणी कार्ड नाई मांगत."

"तुमचं वेगळं हाये, कमलीबाई."

"वेगळंच हाये," कमलीबाई म्हणाली. "आमाले जा म्हणायले कोणी टपाल नाई धाडत. मुकादम शिव्या देते."

बायका हसल्या. उकंडरावही हसले, कारण गुत्ता अर्धा व्हायचा होता आणि हसलं नाही तर टोळी दुसऱ्याच्या वावरात जाते. मग त्यांनी स्वतः विळा घेतला. बी.पी.ची गोळी चालू झाल्यापासून गोजराबाई त्यांना वाकू देत नसे. पण ती घटाचे उपास धरून, पायात चप्पल न घालता, त्यांच्या पुढच्याच ओळीत सोंगत होती आणि आज तिने हटकलं नाही. ती या नवरात्रात एकूणच कमी बोलत होती. उपासाने बोलत नसेल, असं उकंडरावांनी धरलं. बायको गप्प असण्याचं कारण शोधत बसण्याची त्यांची पद्धत नव्हती.

शेवटी वैष्णवी म्हणाली, "बाबा, वाशीमला जाऊन विचारू. नुसतं बसून काय होणार?"

ऐन सोंगणीत एक दिवस मोडायचा म्हणजे जिवावर येतं. पण उकंडराव टोळी गोजराबाईवर सोपवून, धुतलेलं धोतर नेसून, सून आणि नात घेऊन एसटीत बसले. भागिरथा वाटभर त्यांच्या मांडीवर बसून खिडकीतून दिसेल त्या म्हशीला हाक मारत होती. पोलिसांच्या ऑफिसात पोचल्यावर दारातल्या माणसाने त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाय त्यांनी घरीच धुतले होते, पण स्टँडपासून चालत येताना ते पुन्हा होते तसे झाले होते.

"काय काम आहे?"

"परदेशी नागरिकाचं."

"कोण परदेशी नागरिक?"

"हे काय," उकंडराव म्हणाले. "मुरमुरे खाऊन राह्यली."

आत टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली ती वैष्णवीला. उकंडराव उभे राहिले. मग बसायला सांगितलं नाही हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. बाईंनी नंबर टाकला, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे तर झालेलं आहे," त्या म्हणाल्या. "कार्ड नागपूरच्या ऑफिसातून टपालाने निघालं. पोचलं पण आहे."

"कुठं पोचलं?" उकंडराव कॅलेंडर सोडून वळले.

"तुमच्या घरी."

"माया घरी तं मी राह्यतो, मॅडम."

"इथं तसं दाखवतंय. घटस्थापनेच्या दिवशी. कोणीतरी घेतलंय."

"दिल्लीहून येणार होतं ना पण?"

"तयार दिल्लीला होतं. वाटप नागपूरहून. तुमच्या पोस्टात विचारा, कोणाच्या हाती दिलं ते." बाईंचं बोलणं नीट होतं, आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. आरडाओरडा झाला असता तर उकंडरावांना उलट काही बोलता आलं असतं.

परतीच्या गाडीत उकंडरावांनी मनातल्या मनात गावातली सगळी घरं पालथी घातली. कोणाला त्यांच्याविषयी आकस, कोण त्यांच्या ओट्यावर येऊन बसतं, कोणाचा पोरगा परदेशी जायला निघालाय आणि त्याला असलं कार्ड उपयोगी पडेल. बाभळीच्या वळणापर्यंत त्यांनी तीन माणसांवर खटला चालवला होता आणि तिघांनाही शिक्षा दिली होती.

गावच्या पोस्टातला नेहमीचा माणूस रजेवर गेला होता तो कालच परतला होता. त्याच्या गैरहजेरीत बदली माणसाने टपाल वाटलं होतं. त्याने वही काढून दाखवली. "हे पाहा, उकंडराव भाऊ. भागिरथा हरीओम. सही नाही, अंगठा हाये."

उकंडरावांनी चष्मा लावला. अंगठा डाव्या हाताचा होता. ठसा चांगला उमटला होता, फक्त मधोमध एक आडवी पांढरी रेघ गेली होती. तेवढ्या जागी शाई लागलीच नव्हती. ती रेघ उकंडरावांच्या ओळखीची होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गव्हाच्या सोंगणीत विळा निसटला आणि मुठीतल्या पेंडीसकट बायकोचा अंगठा कापला. तेव्हा त्यांनीच धोतराची पट्टी फाडून बांधली होती, आणि तिच्या सासूने नव्या धोतरावरून दोघांनाही बोल लावले होते.

"ओळखू आला का?" पोस्टातल्याने विचारलं.

"नाई," उकंडराव म्हणाले, आणि चष्मा काढला.

ते घरी आले तेव्हा टोळी गेली होती. गोजराबाई अंगणात ताडपत्रीवर सांडलेल्या शेंगा वेचत होती. आत घटासमोर दिवा तेवत होता. भागिरथा पळत वगारीकडे गेली. उकंडराव ताडपत्रीच्या कडेला बसले. बायको कमी बोलत होती, हे त्यांना आता एकदम सगळंच्या सगळं आठवलं.

"गोजरा, पोस्टमनाले अंगठा देल्ला का तू?"

गोजराबाईचे हात थांबले.

"घट बसले त्या दिवशी. देल्ला का नाई?"

"दसरा होऊ द्या," ती म्हणाली. "मंग सांगतो."

"दसऱ्याले काय करायचं हाये? दसरा झाला का पोरगी चालली. कार्ड कुठं ठेवलं सांग."

"कार्ड?" तिने वर पाहिलं. डोळे लाल होते. "कार्ड कोण म्हणते? कार्ड नाई आलं. दिल्लीचं टपाल आलंच नाई. मी खोटं नाई बोलली तुमच्याशी."

"मंग अंगठा कायचा हाये?"

शेंगा पदरात होत्या त्या तिने हळूच ताडपत्रीवर सोडल्या, एक एक, जशा काही त्या मोजून घ्यायच्या होत्या.

"हरीचे बाबा, तुमी आधी गोळी घेतली का आज?"

"गोळीचं काय मधातच?"

"घेतली का नाई सांगा ना."

"घेतली ना बाप्पा!"

"पोस्टमन म्हणे नागपूरहून आलं हाये," गोजराबाई म्हणाली. "कोपरा फाटेल हाये. दादा गेले तुमचे."

नागपूरला उकंडरावांचे थोरले भाऊ देवमनराव राहत. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, मग देवमनरावांनी आपला हिस्सा विकला, मुलाकडे नागपूरला गेले, आणि बोलणं बंद. मुलांच्या लग्नांना पत्रिका आल्या त्या पोस्टाने; गेलं कोणी नाही. फोन तर नाहीच. मेल्याची बातमी आली असती तर ती टपालानेच आली असती, हे दोन्ही घरांना न सांगता कळत होतं. आणि मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडायचं, अंघोळ करायची आणि सुतक धरायचं.

उकंडरावांनी ताडपत्रीची कड धरली.

"कधी?" ते म्हणाले.

"वाचलं कोणी? ऐकलं का सुतक लागते. घट बसेल हायत, दिवा लावेल हाये, वावरात सोयाबीन उभं. टोळी दारात. मी म्हटलं, नवरात्र निघू दे. न ऐकल्याचं सुतक नसते. मी एकटीच झेलतो तोवर." तिने नाक पदराला पुसलं. "तुमची तब्येत अशी. तुमी तर रोज विचारत जा, दिल्लीचं आलं का, दिल्लीचं आलं का. मले वाटे, याह्यले कसं सांगू नागपूरचं आलं म्हणून."

"कुठं हाये?"

"गोठ्यात. कुडात खोचलं. घरात नाई आणलं मी."

उकंडराव उठले. गोठ्याच्या कुडात, तुरीच्या काड्या विणलेल्या त्या भिंतीत, वगारीच्या दावणीच्या वर, एक खाकी लिफाफा खोचलेला होता. वरचा उजवा कोपरा गेला होता, बोटभर. पत्ता छापलेला होता आणि तो उकंडरावांना चष्म्याशिवायही दिसला असता; पण त्यांना कोपरा दिसत होता. त्याच दिवशी वाशीमच्या बाईंनी आणि पोस्टातल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की कार्ड नागपूरहून निघालं, घरी पोचलं, अंगठा देऊन घेतलं. एवढं सगळं डोक्यात असूनही त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. हात पुढे होईना. देवमनदादाने लहानपणी त्यांना खांद्यावर बसवून बेंबळा नदी ओलांडली होती, तेव्हा आपण घाबरून त्याच्या केसांना धरलं होतं, हे नेमकं आठवायचं काही कारण नव्हतं.

"वैष्णवी," त्यांनी हाक मारली. "इकडं ये माय. तू वाच."

वैष्णवी आली. गोजराबाई मागे उभी राहिली, तोंडाला पदर लावून. वैष्णवीने कॅलगरीत संगणकाची नोकरी केली होती, तरी तिनेही भागिरथाला आधी म्हटलं, "तू जरा बाहेर थांब." मग लिफाफा काढला, उलटा केला, आणि पत्ता वाचून तिच्या तोंडून पहिला आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे कोणालाच कळलं नाही.

"आई," ती म्हणाली. "अहो आई, हे भागीचं आहे."

"भागीचं?" गोजराबाई किंचाळली. "भागीले काय झालं?"

"काही नाही झालं! कार्ड आहे तिचं!" तिने लिफाफा फाडला. आतून निळसर पुस्तिका निघाली. कार्ड म्हणतात त्याला, पण असते ती छोटी पुस्तिकाच. पहिल्याच पानावर भागिरथाचा फोटो होता. तेल लावून, दोन वेण्या घालून, कारंजा गावी काढलेला, त्यात ती फोटोवाल्यावर रागावलेली दिसत होती.

बाहेर थांबायला सांगितलेली भागिरथा केव्हाच आत आली होती. "आजोबा, मले दावा ना," ती म्हणाली. "हे मी हाओ. काहून रडून राह्यले तुमी?"

"कोण रडते? वगारीनं शेपटी मारली डोळ्यात."

वगार त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला.

वैष्णवीने तिथंच, शेणात उभं राहून, हरीओमला फोन लावला. तिकडे पहाट होती. ती दोनदा "मिळालं" म्हणाली आणि तिसऱ्यांदा तिने फोन भागिरथाच्या कानाला लावला. गोजराबाई मात्र दावणीपाशी बसून राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचं निम्मंच ओझं उतरलं होतं.

"मंग दादा?" ती म्हणाली.

"दादाचं काय?"

"जिवंत हायत का?"

"अवं, हे पोरीचं कार्ड हाये. दादाचा काय संबंध त्यात?"

"ते कळलं मले. पण हे त्याह्यचं नाई म्हणजे ते जिवंत हायत असं थोडीच होते? इतके दिवस मी त्याह्यले मेलेलं धरून चालली. मले आता असं नाई जमत. विचारा एकदा."

उकंडरावांनाही तेच जाणून घ्यायचं होतं. नंबर त्यांच्या फोनमध्ये होता. 'मोठे' एवढंच नाव घातलेलं होतं. त्यांनी तो कधी लावला नव्हता आणि कधी काढलाही नव्हता. टोपी डोक्यावर ठेवून ते अंगणात गेले, वैष्णवीने स्पीकर लावून दिला. पलीकडे घंटी वाजत राहिली. गोजराबाईने डोळे मिटले.

"कोण गेलं?" पलीकडून देवमनरावांचा आवाज आला. हॅलो नाही, काही नाही. आवाज घाबरलेला होता.

"कोणी नाई," उकंडराव म्हणाले.

"उकंडा हायस ना?"

"हाव."

"गोजरा बरी हाये?"

"बरी हाये. इथंच हाये."

"मंग फोन कायले केला?"

उकंडरावांनी गोजराबाईकडे पाहिलं. सगळं सांगायचं म्हणजे तुम्ही मेलात असं आम्ही धरलं होतं, हेही सांगावं लागलं असतं. "असाच," ते म्हणाले.

"असाच?"

"सोयाबीन सोंगून राह्यलो. म्हटलं सांगावं."

मग देवमनराव म्हणाले, "ते मोटार चालते का अजून?"

"जळली. दोन वर्षं झाली."

"बरं झालं," देवमनराव म्हणाले, मनापासून. "लय खराब होती ते. मले तवाच समजलं होतं." आणि नंतर, "पोरगी हरीची इकडंच हाये म्हणते?"

"कोण सांगतलं?"

"सांगतलं कोणी तरी. आणजो नागपूरले आला तं."

फोन ठेवल्यावर गोजराबाई उठली, हातपाय धुतले, घटाला पाया पडली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "लिफाफा चुलीत नका घालू. फाटेल कोपऱ्याचा हाये. बाहेरच जाळा." मग भगर खायला बसली. नवरात्र बसल्यापासून तिने पहिल्यांदाच ती पोटभर खाल्ली. कोपरा कुठे आणि कशाने फाटला हे मात्र कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढग पांगले. कमलीबाईने गुत्ता पुरा केला, सोयाबीनची सुडी रचून झाली, मळणी यंत्र आलं, आणि उकंडरावांनी वाकून पोती धरली तेव्हा गोजराबाईने त्यांना साऱ्या टोळीसमोर हटकलं. कमलीबाई हसली. "कार्ड आलं म्हणते, पाटील. आता तं पोरगी इथली झाली." उकंडरावांनी कोंडा पुसत मान हलवली. वैष्णवीने तिकिटं रद्द केली. परत किती पैसे आले हे तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दसऱ्याला भागिरथा घरोघर आपट्याची पानं वाटत फिरली आणि अंधार पडायच्या आत कोणाच्या तरी ओट्यावर झोपून गेली. उकंडरावांनी तिला उचलून आणलं. ती जड झाली होती. त्यांना ते बरं वाटलं.

दिवाळीनंतर तिला कारंज्याच्या शाळेत घातलं. उकंडरावांनी पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल बंडीच्या आतल्या खिशात ठेवून नेली होती, आणि मोठ्या मॅडमच्या टेबलावर ती दोन्ही हातांनी ठेवली. मॅडमनी ती उघडली नाही. त्यांना दोन फोटो, जन्माचा दाखला आणि आधार कार्ड पाहिजे होतं.